कमर्शियल रिअल इस्टेट कंपनीची ऑफिसं कुठे कुठे आहेत हे नकाशावर मांडताना ठिपका नेमका कशाचा काढायचा?

रेखांश (मूळ प्रश्न)

एका कमर्शियल रिअल इस्टेट सेवा कंपनीच्या ऑफिसांच्या पसाऱ्याचा अभ्यास चालू आहे. कंपनीची कामं चार: जागा भाड्याने देणं-मिळवून देणं, इमारतींची खरेदी-विक्री, मूल्यांकन आणि इमारतींचं व्यवस्थापन. हातात पत्त्यांची यादी आहे, ४१ ओळींची. ती जशीच्या तशी नकाशावर टाकली तर पसारा फार मोठा दिसतो, आणि तो खरा वाटत नाही.

अडलंय ते असं. एक ओळ म्हणजे एक ऑफिस धरायचं का? एकाच टॉवरमधले दोन मजले यादीत वेगवेगळे आलेत, आणि काही पत्त्यांपुढे नुसता ‘सहयोगी’ असा शेरा आहे. दुसरं, पसारा एकवटलेला आहे की विखुरलेला हे आकड्यात कसं सांगतात? आणि तिसरं, एखाद्या भागात ऑफिसं जास्त आहेत की कमी हे ठरवायचं तर तुलना कशाशी करायची? लोकसंख्येशी केली तर काहीच्या बाही उत्तरं येतात.

---

भाडेपट्टा

नकाशा बाजूला ठेवा, आधी शीट लावून घ्या. पत्ता, ऑफिस आणि भाडेकरार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अशा याद्यांमध्ये त्या नेहमी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एका टॉवरचे दोन मजले म्हणजे करार दोन, ऑफिस एक. उलट, एकाच मजल्यावर ब्रोकरेजची टीम आणि देशभरचा हिशेब सांभाळणारं केंद्र बसत असेल तर पत्ता एक आणि कामं दोन.

म्हणून प्रत्येक ओळीला दोन क्रमांक द्या, एक ऑफिसचा आणि एक कराराचा. मग पुढचे रकाने: पत्ता जसा मिळाला तसा, इमारत, मजला, अक्षांश, रेखांश, स्थान किती अचूक सापडलं, ऑफिसचा प्रकार, मालकी, चारही कामांची माणसं वेगवेगळ्या रकान्यात, क्षेत्रफळ, करार सुरू झाल्याची तारीख, संपण्याची तारीख, मध्येच सोडता येत असेल तर ती तारीख, माहिती कुठून घेतली आणि कधी पडताळली. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी कोणता पत्ता जुना, कोणता नवा हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रकाराच्या रकान्यात मोकळा मजकूर लिहू देऊ नका, पाचच पर्याय ठेवा: पूर्ण ऑफिस, इमारतीतलं साइट ऑफिस, सर्व्हिस्ड (सोयींसकट तयार भाड्याने घेतलेलं) किंवा नुसता पत्रव्यवहाराचा पत्ता, पाठबळ केंद्र, सहयोगी. पूर्ण ऑफिसची कसोटी सोपी आहे. कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचा आणि ग्राहकाचं काम करणारा माणूस तिथे कामाच्या कुठल्याही दिवशी भेटतो का? भेटत असेल तर ते पूर्ण ऑफिस.

साइट ऑफिसचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. कंपनी एखाद्या इमारतीचं व्यवस्थापन करते तेव्हा तळमजल्यावर किंवा तळघरात दोन-चार माणसांची खोली असते. ती खोली इमारतमालकाची, भाडं कंपनी देत नाही, आणि व्यवस्थापनाचा करार संपला की दुसऱ्या महिन्यात ती जागा गेलेली असते. अशा खोल्या ऑफिसात मोजल्या की पसारा फुगतो. मोठ्या कंपन्यांत ही संख्या फार वाढते. सीबीआरई या बड्या रिअल इस्टेट सेवा कंपनीने २०१५ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सचा ग्लोबल वर्कप्लेस सोल्यूशन्स हा ग्राहकांच्या इमारती सांभाळण्याचा व्यवसाय विकत घेतला. असल्या कामातली बरीच माणसं ग्राहकाच्याच इमारतींत बसतात. त्यामुळे ‘ग्राहकाच्या जागेतली माणसं’ असा वेगळा रकाना हवाच. नाहीतर एखादा मोठा कारखाना सांभाळणारं गाव नकाशावर वित्तकेंद्रासारखं दिसायला लागेल.

सहयोगी म्हणजे पाटी आपली, पगार दुसऱ्याचा. नकाशावर ठेवा, पण पोकळ वर्तुळाने, आणि कुठल्याही बेरजेत धरू नका.

आणखी एक बारीक गोष्ट, विलीनीकरणाची. डीटीझेड आणि कुशमन अँड वेकफील्ड या याच धंद्यातल्या दोन मोठ्या कंपन्या २०१५ मध्ये एक झाल्या, त्या आकाराच्या विलीनीकरणात दोन्हीकडची ऑफिसं एकाच शहरात असणं ओघानेच येतं. असे जुने करार संपेपर्यंत शहरात दोन पत्ते चालू राहतात. तो विस्तार नसतो, फक्त करार संपायची वाट पाहणं असतं. म्हणून यादीला ‘या तारखेची स्थिती’ असं शीर्षक द्या आणि दोन वर्षांची तुलना करताना दोन तारखांच्या याद्या समोरासमोर ठेवा.

---

थरावरथर

वरचं सगळं झालं की पत्त्यांचे अक्षांश-रेखांश काढायचे. इथे चुका गुपचूप होतात, एकही एरर येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्ता शोधणारी कुठलीही सेवा पत्ता नीट सापडला नाही तर शहराचा किंवा पिनकोडच्या हद्दीचा मध्यबिंदू देऊन मोकळी होते. शीटमध्ये तो आकडा बाकीच्यांइतकाच ऐटबाज दिसतो. ओळखायची खूण म्हणजे दोन वेगळ्या पत्त्यांना हुबेहूब तेच अक्षांश-रेखांश येणं. तशा ओळी चाळून बाजूला काढा. त्यातल्या काही खरंच एका इमारतीतल्या असतील, बाकीच्या हाताने दुरुस्त कराव्या लागतील. सेवा अचूकतेचा शेरा देत असेल (इमारत, रस्ता, वस्ती, शहर) तर तो रकाना ठेवाच. ‘इमारत’ सोडून जे जे येईल ते डोळ्याखालून घाला, ४१ ओळींना अर्धा दिवस पुरतो. ओपनस्ट्रीटमॅपची सार्वजनिक नॉमिनॅटिम सेवा वापरणार असाल तर सेकंदाला एकच विनंती हा त्यांचा नियम पाळा.

दशांशाची चार स्थळं म्हणजे साधारण ११ मीटर, पाच म्हणजे सव्वा मीटरच्या आत. ऑफिससाठी पाच पुरे. स्प्रेडशीट उघडताना शून्याने सुरू होणारे पिनकोड आकडे समजून कापले जातात, तेव्हा तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून टाका. फाइल सीएसव्ही असेल तर युटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा, नाहीतर नावांतल्या स्वरचिन्हांचा चुराडा होतो.

जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी, अक्षांश नंतर. माणसं बोलताना उलट बोलतात, आणि उलट भरलं की ऑफिस समुद्रात किंवा भलत्याच खंडावर जातं. एखादा ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर समुद्रात दिसला तर तो रकाना रिकामा होता आणि त्याचं शून्य-शून्य झालं असं समजा.

अंतरं मोजताना वेब मर्केटर ही गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत (सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३८५७) वापरू नका. ऑनलाइन नकाशे त्यात असतात म्हणून तेच पुढे रेटलं जातं. त्यात ४५ अंश अक्षांशावर अंतर १.४१ पट आणि ६० अंशांवर थेट दुप्पट भरतं. उत्तरेकडची ऑफिसं एकमेकांपासून लांब लांब दिसतील आणि ‘मध्ये एक ऑफिस हवं’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. माहिती ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांत, साठवा आणि अंतर हॅव्हरसाइन या गोलावरचं अंतर देणाऱ्या सूत्राने काढा, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजपट्टीला पृथ्वीचा लंबगोल (एलिप्सॉइड) निवडून दिला तरी काम होतं. हे झालं सरळ रेषेतलं अंतर. रस्त्याने ते साधारण १.२ ते १.४ पट होतं, आणि मध्ये खाडी किंवा डोंगर आला तर या पटीवरही विसंबता येत नाही.

शहर कुठे संपतं हाही प्रश्न येणार. पत्त्यात उपनगराच्या नगरपालिकेचं नाव असलं की एकाच बाजारपेठेची दोन शहरं मोजली जातात. यावर तयार उपाय आहे. युरोपीय संघ आणि ओईसीडी (विकसित देशांची आर्थिक संघटना) यांची कार्यात्मक नागरी क्षेत्रांची व्याख्या घ्या: भोवतालच्या ज्या भागातले निदान १५ टक्के नोकरदार कामाला मूळ शहरात जातात तो भाग त्या शहरातच धरायचा. दुसरी कुठली व्याख्या घेतली तरी चालेल, पण सगळ्या शहरांना एकच लावा.

---

रेखांश

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे शीट लावली. ४१ ओळींतून एकाच इमारतीतले जादा मजले ६, साइट ऑफिसं १३, सहयोगी ७ आणि नुसते पत्रव्यवहाराचे पत्ते ३ निघाले. उरली १२ पूर्ण ऑफिसं. त्यांतली माणसं मोठ्याकडून लहानाकडे: २४०, १२०, ६०, ४८, ३६, २४, १८, १५, १२, १२, ९, ६. एकूण ६००.

आता ‘१२ ठिकाणी पसरलेली कंपनी’ असं म्हणायचं की ‘एकाच शहराची कंपनी’? आणि शेवटची दोन-तीन ऑफिसं शेजारच्या मोठ्या ऑफिसात मिळवावीत, असा एक विचार पुढे आलाय. तो तपासायचा कसा?

---

मध्यबिंदू

पहिल्याचं उत्तर या आकड्यांतच आहे. प्रत्येक ऑफिसचा वाटा काढा (०.४०, ०.२०, ०.१०, ०.०८ असा), प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज घ्या. ही हरफिंडाल बेरीज तुमच्या आकड्यांना ०.२२४ येते. आता १ ला तिने भागा, उत्तर ४.५. म्हणजे माणसांच्या वजनाने पाहिलं तर ही साडेचार ऑफिसांची कंपनी आहे. सगळी ऑफिसं सारख्या आकाराची असती तर तेच उत्तर १२ आलं असतं. अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, ‘ऑफिसं १२, परिणामी ४.५’. वाचणाऱ्याला एका ओळीत चित्र उभं राहतं.

पण इथे थांबू नका. हीच बेरीज चारही कामांसाठी वेगवेगळी काढा, खरी गोम तिथे आहे. खरेदी-विक्रीचं काम भांडवल जिथे बसतं तिथे बसतं. इमारत दुसऱ्या शहरात असली तरी ती घेणारा फंड, बँक आणि वकील दोन-तीन मोठ्या शहरांतच असतात. त्या कामाची परिणामी संख्या दीड-दोन आली तर त्यात वावगं काही नाही. भाड्याच्या कामाचं उलट आहे. कोणत्या इमारतीत कुठला मजला कधी रिकामा होणार हे गल्लीत फिरणाऱ्यालाच ठाऊक असतं, ते लांबून होत नाही. मूल्यांकनाला जागेवर जावंच लागतं. व्यवस्थापन इमारतीला चिकटलेलं. चारही कामांची सरासरी काढून ‘पसारा योग्य आहे’ म्हणणं म्हणजे चार वेगवेगळ्या मापांचे जोडे एका पायाला बघण्यासारखं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचंही हेच. लोकसंख्येशी तुलना केल्यावर बेकार उत्तरं आली कारण लोकसंख्या हा या धंद्याचा कच्चा मालच नव्हे. स्थान-गुणांक काढा: त्या भागातला कंपनीच्या माणसांचा वाटा, भागिले त्या भागातला बाजारपेठेचा वाटा. पहिल्या शहरात तुमची ४० टक्के माणसं आहेत. तिथे अभ्यासक्षेत्रातल्या एकूण ऑफिस-जागेच्या २५ टक्के जागा असेल तर गुणांक १.६. एकाच्या वर म्हणजे बाजाराच्या मानाने माणसं जास्त, खाली म्हणजे कमी. छेद मात्र कामाप्रमाणे बदला. व्यवस्थापनाला उभ्या असलेल्या एकूण चौरस मीटर जागेशी तोला, भाड्याच्या कामाला वर्षभरात भाड्याने गेलेल्या जागेशी, खरेदी-विक्रीला झालेल्या व्यवहारांच्या रकमेशी. व्यवहारांची रक्कम एका वर्षाची घेऊ नका, निदान तीन वर्षांची सरासरी घ्या. एका टॉवरची विक्री अख्ख्या शहराचा आकडा वर नेते.

आणि सहा माणसांच्या ऑफिसचा गुणांक काढून त्यावर वाद घालू नका. तिथे एकाने नोकरी सोडली तरी आकडा सतरा टक्क्यांनी हलतो. वीसच्या खालची ऑफिसं प्रदेशवार एकत्र करून मगच गुणांक काढा.

माणसांचा आकडाच मिळत नसेल, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांशी तुलना करायची असेल, तर जागतिक शहरांच्या अभ्यासात वापरतात ती गुणपद्धत कामी येते. भूगोलतज्ज्ञ पीटर टेलर यांनी इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात सुरू केलेल्या जीएडब्ल्यूसी गटाने सेवा-कंपन्यांच्या ऑफिसांना ० ते ५ गुण दिले: ऑफिस नाही तर ०, मुख्यालय ५, नेहमीचं ऑफिस २, त्याहून लहान १, मोठं ३, प्रादेशिक अधिकार असलेलं ४. पद्धत ओबडधोबड आहे, पण निव्वळ ठिपके मोजण्यापेक्षा खूप बरी.

---

ताळेबंद

दुसऱ्या कंपन्यांशी तुलनेचा विषय निघालाच आहे तर माहिती कुठे मिळते ते सांगतो. अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या (सीबीआरई, जेएलएल, कुशमन अँड वेकफील्ड, न्यूमार्क) दरवर्षी ‘१०-के’ अहवाल भरतात. त्यातलं कलम २ मालमत्तांचं असतं, कंपनी आपल्या ऑफिसांविषयी काय ते तिथे सांगते. त्याच अहवालाचं परिशिष्ट २१ म्हणजे उपकंपन्यांची यादी, कुठली उपकंपनी कुठल्या अधिकारक्षेत्रात नोंदली आहे यासह. दोन्ही ताडून बघा. मात्र अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ढीगभर उपकंपन्या दिसल्या म्हणून तिथे ऑफिसं आहेत असं समजू नका. तिथली नोंदणी कायद्याच्या सोयीसाठी असते.

काळाची तुलना करणार असाल तर एका खड्ड्यापासून सांभाळा. सीबीआरईने २०१९ पासून आणि जेएलएलने २०२२ पासून आपले मुख्य विभाग भूगोलाऐवजी कामाच्या प्रकाराने मांडायला सुरुवात केली. त्याआधीचा प्रदेशवार तक्ता आणि नंतरचा तक्ता हे एकाच मापाचे नाहीत. नंतरच्या वर्षांचा देशवार महसूल ताळेबंदाच्या टिपांमध्ये शोधावा लागतो. कुशमनचे विभाग मात्र प्रदेशवारच आहेत. आणि ‘ईएमईए’ या एका शब्दात युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिका असे तीन पूर्ण वेगळे बाजार असतात. ते फोडता येत नसतील तर त्या रकान्यावरून आफ्रिकेबद्दल काहीही बोलू नये.

मुख्यालयाच्या ठिपक्याला अवाजवी वजन देऊ नका, ही माझी कळकळीची सूचना. मुख्यालय पुष्कळदा इतिहासाने ठरलेलं असतं. सीबीआरईची सुरुवात १९०६ मध्ये, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोत झाली. पुढे मुख्यालय लॉस एंजेलिसला आणि २०२० मध्ये डॅलसला गेलं. डॅलसमध्ये कंपनीचं मोठं बस्तान आधीपासूनच होतं, कारण तिथलीच ट्रॅमल क्रो कंपनी तिने २००६ मध्ये घेतली होती. जेएलएलचं एक मूळ १७८३ च्या लंडनमधल्या लिलावाच्या धंद्यात, दुसरं लासाल पार्टनर्समध्ये. १९९९ मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि मुख्यालय शिकागोत राहिलं. सॅव्हिल्स १८५५ ची, नाइट फ्रँक १८९६ ची, दोन्ही लंडनच्या. मुख्यालय हललं की पाटी आणि वरिष्ठ मंडळी हलतात. ब्रोकर हलत नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईक आणि इमारती जिथल्या तिथे असतात. म्हणून गुणपद्धतीत मुख्यालयाला ५ दिलेत तर एकदा ३ देऊनही गणित करून बघा. क्रम फार बदलला तर तुमचा निष्कर्ष त्या एका गुणावर टेकलेला आहे असं समजा.

---

चटईक्षेत्र

लहान ऑफिसं मोठ्या ऑफिसात मिळवण्याबद्दल. हा निर्णय नकाशावर दोन ठिपके जवळ दिसले म्हणून कधीच घेऊ नये, आणि भाड्याची बचत एवढ्या एका आकड्यावर तर नकोच.

उदाहरण ९ माणसांच्या ऑफिसचं घेऊ. समजा त्यातले ४ जण मूल्यांकन करतात आणि मिळून महिन्याला १२० जागा पाहतात. ऑफिस बंद करून त्यांना ५५ किलोमीटरवरच्या २४ माणसांच्या ऑफिसात बसवलं, आणि प्रत्येक भेटीला जाताना ३५ मिनिटं, येताना ३५ मिनिटं जादा लागली. ७० गुणिले १२० म्हणजे ८,४०० मिनिटं, म्हणजे महिन्याला १४० तास. एका माणसाचे महिन्याचे तास १६० धरले तर ऑफिस बंद करून तुम्ही जवळजवळ एक मूल्यांकनकार रस्त्यावर घालवलात. एका माणसाचा पूर्ण खर्च आणि त्या छोट्या ऑफिसचं भाडं, वीज, साफसफाई, इंटरनेट हे समोरासमोर मांडा. पुष्कळदा भाडंच स्वस्त पडतं.

हे करायला प्रवासवेळेचे पट्टे काढावे लागतात, गोल वर्तुळं नव्हे. प्रत्येक ऑफिसभोवती ३०, ६० आणि ९० मिनिटांचे पट्टे, कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या रहदारीचे. रात्रीच्या मोकळ्या रस्त्याचे पट्टे सुंदर पसरतात आणि सगळी ऑफिसं अनावश्यक वाटायला लागतात. मग गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या कामांचे पत्ते त्यावर टाका. ६० मिनिटांच्या बाहेर किती टक्के कामं जातात, हा आकडा ऑफिसं एकत्र करण्यापूर्वीचा आणि केल्यानंतरचा, असा दोनदा काढा.

बारा ऑफिसं असताना हे अंदाजाने करायची गरजही नाही. बारातली नऊ ठेवायची तर निवडी फक्त २२० आहेत. एकापासून बारापर्यंत सगळ्या शक्यता धरल्या तरी ४,०९५. छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक निवडीसाठी ‘कामाच्या पत्त्यापासून सर्वात जवळच्या ऑफिसपर्यंतची वेळ गुणिले कामांची संख्या’ याची बेरीज काढा आणि प्रत्येक संख्येसाठी सर्वात लहान बेरीज ठेवा. हाकिमी या संशोधकाने १९६४-६५ मध्ये जाळ्यावरच्या मध्यस्थानांचा जो प्रश्न मांडला तो हाच. ऑफिसांची संख्या आडव्या अक्षावर आणि ती बेरीज उभ्या अक्षावर काढली की एक वाकलेली रेषा मिळते. बारावरून अकरावर, अकरावरून दहावर येताना ती फारशी चढत नसेल तर तेवढी ऑफिसं मिळवता येतील. जिथे एकदम चढते तिथे थांबा.

पण त्या रेषेने दाखवलेलं ऑफिस लगेच बंद करता येतं असं नाही. भाडेकरार बघा. करार मध्येच सोडायचं कलम आहे का, पूर्वसूचना सहा महिन्यांची की बाराची, जागा मूळ स्थितीत करून देण्याचा खर्च कुणाचा. भाडेकरारांच्या हिशेबाचे नियम, म्हणजे आंतरराष्ट्रीय आयएफआरएस १६ किंवा अमेरिकी एएससी ८४२, लागू असतील तर उरलेल्या कराराचं देणं ताळेबंदावर आधीच बसलेलं असतं. ऑफिस रिकामं केलं म्हणून ते नाहीसं होत नाही, उलट त्या जागेची ताळेबंदातली किंमत उतरवावी लागू शकते. म्हणून मिळवण्याची यादी नेहमी करार संपण्याच्या तारखेने लावा, माणसांच्या संख्येने नव्हे. सहा माणसांच्या ऑफिसला अजून चार वर्षं असतील आणि पंधराच्या ऑफिसचा करार आठ महिन्यांत संपत असेल तर आधी पंधराचं बोलायचं.

परवान्याकडेही लक्ष द्या. पुष्कळ ठिकाणी ब्रोकरेजचा परवाना राज्यापुरता किंवा प्रांतापुरता असतो (अमेरिकेत तो राज्यवार आहे). ऑफिस हद्दीपलीकडच्या ऑफिसात मिळवलं की अंतर वीस किलोमीटर असलं तरी परवान्याचं काम नव्याने उभं राहतं. प्रवासवेळेच्या नकाशावर ही रेषा दिसतच नाही, ती वेगळा थर म्हणून टाकावी लागते.

लहान ऑफिसची खालची मर्यादाही आहे. सहा माणसांत एक रजेवर, एक आजारी आणि दोन बाहेर असले की फोन घ्यायला दोघं उरतात, आणि अहवालावर सही करायचा अधिकार त्यातल्या कुणालाच नसला तर काम अडतं. सहीचा अधिकार असलेले निदान दोघं असतील तरच ऑफिस स्वतंत्र ठेवा. नसतील तर त्याला शेजारच्या ऑफिसचं पुढचं टेबल म्हणा, पत्ता ठेवा, पण हिशेब आणि सह्या मोठ्या ऑफिसकडे द्या. बंद करणं आणि चालू ठेवणं यांच्यामधला हा पर्याय लोक विसरतात.

---

मध्यबिंदू

चटईक्षेत्र, १४० तासांच्या गणितात एक दुरुस्ती सुचवतो. मूल्यांकनकार आता रोज ऑफिसातून निघत नाहीत, बरेचदा घरून थेट जागेवर जातात आणि अहवालही घरी लिहितात. त्या भेटींना ऑफिस कुठेही गेलं तरी जादा वेळ लागत नाही. त्यामुळे प्रवासाची सुरुवात ऑफिसापासून धरली की तोटा फुगून येतो.

---

चटईक्षेत्र

बरोबर, आणि ते मोजता येतं. चार आठवड्यांच्या भेटी काढा, प्रत्येकीपुढे घरून की ऑफिसातून एवढंच लिहा. अर्ध्या घरून होत असतील तर १४० चे ७० तास धरा. घराचा नेमका पत्ता शीटमध्ये आणू नका, कर्मचाऱ्याची खासगी माहिती आहे ती. पिनकोडच्या हद्दीचा मध्यबिंदू इथे पुरतो. भाड्याच्या कामाला मात्र ही सूट देऊ नका. तिथे रिकाम्या जागांची माहिती ऑफिसात समोरासमोर बसूनच फिरते, आणि ग्राहकाला जागा दाखवायला अर्ध्या तासात पोचावं लागतं.

---

रेखांश

सगळं टिपून घेतलं. कामांचे पत्ते मागवलेत, ते आले की सगळ्या निवडी चालवून बघतो. शेवटचं एक: छापील अहवालात वर्तुळं माणसांच्या प्रमाणात काढली तर २४० चं वर्तुळ अर्धा देश झाकतं आणि ६ चं दिसतच नाही.

---

थरावरथर

त्रिज्या प्रमाणात घेतली आहे, म्हणून. डोळा क्षेत्रफळ वाचतो. २४० हे ६ च्या ४० पट आहेत, पण त्रिज्याच ४० पट केली तर क्षेत्रफळ १,६०० पट होतं. त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्या: ६ माणसांना २ मिलिमीटर, तर २४० ना १२.६ मिलिमीटर. क्यूजीआयएसमध्ये चिन्हाचा आकार माणसांच्या रकान्यावर बांधताना ‘क्षेत्रफळ’ हा पर्याय निवडला की हे आपोआप होतं.

वर्तुळं आतून अर्धपारदर्शक, कडा गडद, आणि मोठी खाली, लहान वर अशा क्रमाने काढा. मोठ्या शहराच्या आसपास तीन-चार ऑफिसं असतील तर त्या भागाचा मोठा करून काढलेला वेगळा चौकोन कोपऱ्यात द्या. सहयोगी पोकळ वर्तुळाने, सगळे एकाच आकाराचे. साइट ऑफिसं लहान करड्या ठिपक्यांनी, त्यांना आकार नाही. सूचीत तीनच मापं दाखवा, १०, ६० आणि २४०, आणि सूचीखाली ‘स्थिती अमुक तारखेची, ग्राहकाच्या जागेतली माणसं वगळून’ ही ओळ नकाशाच्या चौकटीच्या आतच छापा. चौकटीबाहेर ठेवली तर नकाशा कापून दुसऱ्या अहवालात जातो आणि ती ओळ मागेच राहते.